कारखाना सोडून शाळेत: डी.एल.एड. की बी.एड., कर्नाटक की महाराष्ट्र?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तिशी ओलांडलेला माणूस "आता मास्तर व्हावे म्हणतो" असे सांगू लागतो, तेव्हा त्यामागे बहुधा एखादी पडझड असते. वडगावातल्या एखाद्याचा माग लॉकडाऊनमध्ये थांबतो तो पुन्हा सुरूच होत नाही, कोणाचे घर ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेलेले असते, तर कोणी मोठ्या आजारातून उठल्यावर उभ्याने करायचे काम सोडा असे डॉक्टर सांगतात. माझ्या बाबतीत ते उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत घडले. बी.एस्सी. झाल्यावर अकरा वर्षे मी तिथे वाळू आणि धातूची तपासणी करत होतो. २०१७ मध्ये ओतकामाच्या वेळी लॅडल, म्हणजे वितळलेला धातू ओतायचे भांडे, कलंडले, डाव्या पायावर तापलेले बीड सांडले, आणि त्यानंतरचे सात महिने मी घरातल्या पलंगावर काढले. त्याच वर्षी निपाणीची माझी मावसबहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. ती तंबाखूच्या एका वखारीत हिशेब लिहीत असे.

पुढे आम्ही दोघेही शिक्षक झालो, पण वाटा वेगळ्या धरल्या. मी बी.एड. करून कर्नाटकात राहिलो, तर तिने डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविका, करून महाराष्ट्राची भरती गाठली. आज याच निर्णयाशी उभे असलेले अनेक जण आम्हाला "दोघांपैकी कोणाचे बरोबर?" असे विचारतात, म्हणून दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: अभ्यासक्रम कोणता हा प्रश्न लोक पहिला विचारतात, आणि तो वास्तविक तिसरा आहे. त्याआधी आपले घर किती महिने उत्पन्नाशिवाय चालेल आणि आपल्याला कन्नड वाचता येते का, या दोन प्रश्नांची उत्तरे हवीत.

आधी घरखर्चाची वही

फाउंड्रीत ओव्हरटाइम धरून माझ्या हातात महिन्याला १९,००० रुपये पडत. अपघातानंतर पतसंस्थेचे कर्ज झाले होते. ते सोडून घरभाडे, किराणा, गॅस, मुलीची शाळा आणि आईची औषधे यांची बेरीज पत्नीने वहीत मांडली, तेव्हा ती साडेतेरा हजारांच्या खाली काही केल्या येईना. बी.एड. असो वा डी.एल.एड., दोन्ही दोन वर्षांचे आहेत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार वर्गकामाला ८० टक्के आणि शाळेतल्या प्रशिक्षणाला ९० टक्के हजेरी सक्तीची आहे. त्यामुळे दिवसपाळीची नोकरी सांभाळून हे शिक्षण प्रामाणिकपणे होत नाही. "हजेरी लावायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असे सांगणारे एजंट आपल्याकडे घरपोच येतात. मलाही एक भेटला होता. अशा पदवीची चौकशी नेमणुकीच्या वेळी झाली तर दोन वर्षे आणि पैसे दोन्ही जातात, शिवाय त्या वेळेपर्यंत वय निघून गेलेले असते.

दूरस्थ बी.एड.चा विचारही पुष्कळांच्या मनात येतो. इग्नूचे बी.एड. मात्र आधीच शिक्षक-प्रशिक्षण घेतलेल्या उमेदवारांसाठी आहे. कारखान्यातून, दुकानातून किंवा शेतीतून थेट येणाऱ्याला ते दार उघडे नाही.

थोडक्यात, दोन वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर परीक्षा व भरतीची वाट पाहण्यात जाणारी किमान एक-दोन वर्षे, एवढ्या काळाची तजवीज लागते. मी ती सकाळी सहा ते साडेआठ दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी आणि संध्याकाळी पुन्हा शिकवणी अशी केली, आणि पत्नीने शिवणकाम वाढवले. अक्काने सासरची दोन गुंठे जागा विकली. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही आणि घरात दुसरे कमावते माणूस नाही, त्यांनी आधी वर्षभर आहे ते काम करत पैसे बाजूला टाकावेत आणि त्या वर्षात कन्नड शिकावे, असे मी स्पष्टपणे सांगेन. एक वर्ष उशिरा प्रवेश घेतल्याने फारसे बिघडत नाही, परंतु पहिल्या वर्षाच्या मध्यावर शिक्षण सोडावे लागले तर भरलेली फीही जाते आणि उमेदही.

डी.एल.एड. की बी.एड.

लोकांच्या मनात बी.एड. मोठे आणि डी.एल.एड., म्हणजे जुने डी.एड. किंवा इकडच्या भाषेत टीसीएच, लहान अशी उतरंड आहे. नोकरीच्या दृष्टीने ती आता खरी राहिलेली नाही. २०१८ मध्ये राष्ट्रीय परिषदेने बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीचे वर्ग शिकवण्यास पात्र ठरवले होते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. त्यानंतर या दोघांपैकी पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. हाच मार्ग उरला. आता गंमत अशी, की सहावी ते आठवीसाठी पदवी आणि डी.एल.एड. हे दोन्ही असलेला उमेदवार चालतो, तसाच पदवी आणि बी.एड. असलेलाही चालतो. म्हणजे पदवीधर माणसाने डी.एल.एड. केले तर पहिली ते आठवीपर्यंतचा सगळा पट्टा त्याला मोकळा होतो, आणि बी.एड. केले तर सहावी ते दहावीचा. अक्का बी.ए. होती. ती डी.एल.एड.ला गेली तेव्हा नातेवाइकांनी "पदवी असून खाली का उतरतेस?" असे विचारले होते. तिने २०१८ मध्ये हे सगळे ओळखून निर्णय घेतला असे म्हणता येणार नाही, कारण निकाल पाच वर्षांनी आला. तिला लहान मुले शिकवायची होती, इतकेच. पण तिचा निर्णय योग्य ठरला.

बी.एड.च्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगता येते. हायस्कूलच्या नववी-दहावीसाठी टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, अट नाही. तिथे विषयातली पदवी आणि बी.एड. पाहिले जाते, आणि गणित-विज्ञान शिकवू शकणाऱ्याला खासगी शाळांत मागणी असते. भाषा आणि समाजशास्त्राच्या पदवीधरांची गर्दी त्या मानाने बरीच मोठी आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने मात्र प्रवेश घेण्यापूर्वीच आपल्या पदवीवर शाळेतला कोणता विषय मिळतो याची लेखी खात्री करून घ्यावी. माझ्या वर्गातला एक जण पतपेढीतली नोकरी सोडून आला होता आणि हा प्रश्न त्याला दुसऱ्या वर्षात पडला.

प्रवेशाची रीत दोन्हीकडे वेगळी आहे. कर्नाटकात शासकीय कोट्यातले बी.एड. प्रवेश केंद्रीय प्रवेश कक्षामार्फत पदवीच्या गुणांवर होतात, तर महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दोन्हीकडे पदवीला साधारण ५० टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना सवलत मिळते. पंधरा वर्षांपूर्वीचे ४७ टक्के घेऊन आलेल्या खुल्या प्रवर्गातल्या माणसाला इथेच अडायला होते. अशा वेळी बारावीचे गुण बरे असतील तर डी.एल.एड. हा पर्याय उरतो, कारण तिथे बारावीचे गुण पाहिले जातात.

इकडे की तिकडे

सीमाभागातल्या मराठी माणसाला जो पर्याय धारवाडच्या किंवा साताऱ्याच्या माणसाला नाही, तो इथे आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक उमेदवाराला, तिथे १५ वर्षे वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला दाखला दिल्यास, महाराष्ट्राच्या शासकीय भरतीत अर्ज करता येतो. सामान्य प्रशासन विभागाचा १० जुलै २००८ चा शासन निर्णय त्यासाठी आधार आहे. अक्काचे गाव त्या यादीत आहे. तिचे डी.एल.एड. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका अध्यापक विद्यालयातून मराठीतूनच झाले. त्यानंतर तिने टीईटी दिली आणि २०२३ च्या सुरुवातीला झालेली टेट दिली. या दोन परीक्षांच्या नावांत पुष्कळांचा घोळ होतो, म्हणून सांगतो. टीईटी ही पात्रता परीक्षा आहे. तिच्यात १५० प्रश्न, अडीच तास, आणि खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात. तिचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. महाराष्ट्रात केंद्राची सीटीईटीही ग्राह्य धरली जाते. टेट ही मात्र निवडीची परीक्षा आहे. ती २०० प्रश्नांची, दोन तासांची असते, आणि तिच्यातल्या गुणांवरच 'पवित्र' या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवर जिल्हा परिषदेची शाळा मिळते. जिल्हा परिषदेच्या जागेसाठी मुलाखत नसते. ओळख, वशिला आणि संस्थेची "देणगी" यांच्या बाहेर राहू इच्छिणाऱ्या माणसासाठी हा फार मोठा दिलासा आहे.

तिकडच्या वाटेत दोन खाचा आहेत. पहिली वयाची. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा आहे, आणि परीक्षा दरवर्षी होतेच असे नाही. टेट २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतर थेट २०२३ मध्ये. अक्काला नेमणूक मिळाली तेव्हा तिची मर्यादा वर्षभरावर आली होती. दुसरी खाच पगाराची आहे. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. त्यांचे प्राथमिकचे मानधन २०२३ पर्यंत अवघे ६,००० रुपये होते. त्या वर्षी ते १६,००० झाले आणि माध्यमिकचे १८,०००. तीन वर्षांनंतर प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी २९,२०० पासून सुरू होते. चंदगड तालुक्यात खोली भाड्याने घेऊन, मुलाला निपाणीत आजीकडे ठेवून १६,००० रुपयांत तीन वर्षे काढणे म्हणजे काय, हे अक्काच सांगू शकेल. ती तक्रार करत नाही, पण सणाला घरी येताना लेकासाठी काय घ्यायचे याचा हिशेब ती पंधरा दिवस आधी करते.

कर्नाटकाकडे पाहिले तर नेमणूक मिळाल्यावर असा मानधनाचा टप्पा नाही, थेट वेतनश्रेणी लागू होते. २०२२ मध्ये पदवीधर प्राथमिक शिक्षकांच्या १५,००० जागा निघाल्या, तेव्हा श्रेणी २७,६५० ते ५२,६५० अशी होती, आणि ऑगस्ट २०२४ पासून सातव्या वेतन आयोगामुळे ती वाढली आहे. जुने निवृत्तिवेतन दोन्हीकडे नाही: कर्नाटकात १ एप्रिल २००६ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना नवी अंशदायी योजना आहे. त्यामुळे निवृत्तीच्या आशेने बाजू निवडू पाहणाऱ्याला या तुलनेत काही हाती लागत नाही.

अडचण जागांच्या वाटपात येते. जागा माध्यम आणि विषय यांनुसार विभागल्या जातात, आणि एकूण आकडा कितीही मोठा असला तरी मराठी माध्यमाच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. २०२२ च्या त्या भरतीत मीही बसलो होतो, पण गुण कमी पडले. त्या यादीचे पुढे जे झाले, ते विवाहित आणि विधवा उमेदवारांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे: उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला माहेरच्या नावाने धरायचा की सासरच्या, यावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निवड झालेल्यांनाही नेमणुकीसाठी दीर्घकाळ थांबावे लागले. दाखले कोणाच्या नावाने काढायचे हे अर्जाच्या शेवटच्या तारखेला ठरवण्याची गोष्ट नव्हे.

आता कन्नडविषयी. बेळगावातले आपण बहुतेक मराठी लोक बाजारात, बसमध्ये, कचेरीत कन्नड बोलून काम भागवतो आणि "आपल्याला कानडी येते" असे समजतो. मीही तसाच होतो. बी.एड. झाल्यावर जांबोटीच्या पलीकडे एका वाडीतल्या मराठी शाळेत अतिथी शिक्षक म्हणून रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात, बाहेर खानापूरचा तो थांबायचे नाव न घेणारा पाऊस चालू असताना, मुख्याध्यापिका बाईंनी तालुक्याहून आलेले परिपत्रक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "सर, एवढे वाचून सांगा, मी दुधाचे बघून येते." मी एकेक अक्षर लावत बसलो. मथळ्यातला एक शब्द पाच मिनिटे सुटेना. तो शब्द होता "हाजराती". कोणी तो मोठ्याने उच्चारला असता तर हजेरीविषयी आहे हे मला झोपेतही कळले असते. बाई परत येईपर्यंत मी पहिली ओळही पार केली नव्हती. मग त्यांनी दोन मिनिटांत सगळे वाचले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "शिकून घ्या सर, याच्याशिवाय इथे हात बांधलेले राहतात."

ते शब्दशः खरे आहे. शाळा मराठी असली तरी परिपत्रके, प्रशिक्षणाचे साहित्य, संगणकावरच्या विद्यार्थी नोंदी, बिसियूटचा म्हणजे दुपारच्या गरम जेवणाचा हिशेब आणि शाळा समितीचे ठराव हे सगळे कन्नडमध्ये चालते. सीमाप्रश्नाविषयी माझे मत घरातल्या चार पिढ्यांचे आहे तेच आहे. खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या निकालाची वाट पाहत माझ्या वर्गातल्या मुलांची शिष्यवृत्तीची नोंद अडून राहावी, हे मात्र मला पटत नाही. ज्याला कन्नड लिपी कोणत्याही कारणाने शिकायचीच नाही, त्याने कर्नाटकाची वाट धरू नये आणि अक्काच्या वाटेने जावे. ही निवड सन्मान्य आहे, पण ती आधी करावी, बी.एड. झाल्यावर नव्हे. मला लिपी नीट यायला आठ महिने लागले, रोज रात्री अर्धा तास, मुलीच्या तिसरीच्या पुस्तकावरून.

मधली वर्षे

कायम नेमणुकीपर्यंत हातात काहीतरी येत राहावे यासाठी दोन सोयी दिसतात: कर्नाटकातले अतिथी शिक्षकपण आणि खासगी शाळा. अतिथी शिक्षकाचे प्राथमिकचे मानधन मी लागलो तेव्हा १०,००० होते आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यात २,००० रुपयांची वाढ झाली. ते शाळेच्या महिन्यांपुरतेच मिळते. उन्हाळ्याच्या सुट्टीत नाही, आणि मला ते कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम मिळाले. शिकायला मात्र ही जागा उत्तम आहे, कारण एकाच खोलीत दोन इयत्ता घेऊन शिकवण्याची वेळ येते.

खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बारा महिने पगार असतो, पण आकडा वेगळा आणि सही वेगळ्या आकड्यावर, असे प्रकार मी जवळून पाहिले आहेत. मला एका संस्थेने कायम करण्यासाठी जी रक्कम सांगितली, तिच्यात पतसंस्थेचे सगळे कर्ज फिटले असते. नोकरीसाठी कर्ज काढून संस्थेला पैसे देऊ नयेत, एवढेच म्हणतो. आज मी ज्या विनाअनुदानित हायस्कूलमध्ये विज्ञान-गणित शिकवतो, तिथे मला फाउंड्रीपेक्षा थोडे कमीच मिळतात, पण ते वेळेवर आणि सहीइतकेच मिळतात.

एक समजूत इथेच दूर केलेली बरी. आयुष्यात सोसलेले असले की मुलांना समजून घेता येते आणि म्हणून असा माणूस चांगला शिक्षक होतो, असे आम्हाला निरोपाच्या वेळी सगळे म्हणाले होते. सरावपाठाच्या वेळी आठवीला उष्णता शिकवताना मी ओतकामाचे वर्णन केले. बीड १,३५० अंशांच्या वर तापवून ओततात, ते कसे पांढुरके दिसते, चिमट्याची मूठ लाकडी का असते, हे मी रंगवून सांगितले, बूट काढून पायाचा व्रणही दाखवला. मुले श्वास रोखून ऐकत होती. तासाच्या शेवटी निरीक्षकांनी पाच प्रश्नांची चाचणी घेतली. वहन आणि अभिसरण यांतला फरक चाळिसांपैकी सहा जणांना लिहिता आला. टाचणवहीत शेरा होता: "अनुभव समृद्ध, पाठ्यमुद्दा सुटला." टीईटीत, टेटमध्ये, गुणवत्ता यादीत सोसण्याला गुण नाहीत, आणि वर्गातही ते आपोआप मिळत नाहीत. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षातले शाळेतले सोळा आठवडे म्हणूनच कोणी उरकून टाकू नयेत. माझे ते आठवडे मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने तोडले, आणि त्याची उणीव मला पुढे दोन वर्षे जाणवत राहिली.

टीईटी टाळून नोकरीत शिरता येईल, नंतर बघू, असा विचार कोणी करत असेल तर तोही सोडावा. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण होण्यास सांगितले आहे. सेवेत माझ्याहून वीस वर्षे ज्येष्ठ असलेले एक गुरुजी सध्या माझ्याकडे गणिताचे प्रश्न सोडवायला येतात.

राहता राहिला सुट्ट्यांचा फरक, जो जाहिरातीत लिहिलेला नसतो. कर्नाटकात मधली मोठी सुट्टी दसऱ्याची आणि महाराष्ट्रात दिवाळीची. उन्हाळ्यात आमच्या शाळा एप्रिलमध्येच सुटतात आणि मे संपता संपता उघडतात, तर अक्काची शाळा मे महिन्यात सुटून जूनच्या मध्यावर सुरू होते. चंदगड बेळगावपासून तासाभराच्या अंतरावर असूनही, आईच्या घरी आम्ही दोघे मुलांसह एकत्र येतो ते फक्त मे महिन्यात.